सर्पगंधेपासून साताऱ्यापर्यंत

१२ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले. त्या दिवशी त्यांचा रक्तदाब ३००/१९० नोंदवला गेला होता. एवढ्या मोठ्या राष्ट्राच्या प्रमुखाला द्यायला त्याच्या डॉक्टरांकडे धड औषध नव्हतं. मीठ कमी करा, विश्रांती घ्या, झोपेची गोळी घ्या, यापलीकडे फारसं काही हाती नव्हतं. दाब उतरवणंच धोक्याचं आहे असं मानणारे डॉक्टरही कमी नव्हते. पॉल डडली व्हाइट हे त्या काळातले अग्रगण्य हृदयतज्ज्ञ. वाढलेला दाब ही शरीराने स्वतःच केलेली भरपाई असू शकते, तिला हात लावू नये, अशी शंका त्यांनीही मांडली होती.

पुढे चारच वर्षांनी, १९४९ मध्ये, मुंबईतल्या एका डॉक्टरने ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये पन्नास रुग्णांवरचा अनुभव छापला. डॉक्टरचं नाव रुस्तम जाल वकील. औषध होतं सर्पगंधा. आपल्या पश्चिम घाटाच्या रानातही उगवणाऱ्या या झुडपाचं मूळ वैद्य मंडळी शतकानुशतकं निद्रानाशावर आणि वेडावर देत आली होती.

हृदयविकाराबद्दल आपल्या मुलुखात आजवर काय शोधलं गेलं आणि त्यातलं किती कोल्हापूरच्या, गडहिंग्लजच्या, शाहूवाडीच्या माणसापर्यंत पोचलं, हा या लेखाचा प्रश्न आहे. त्याची सुरुवात वकिलांपासूनच करावी लागते. ‘हृदयविकार हा पाश्चात्त्य रोग आणि त्यावरचं संशोधनही पाश्चात्त्य’ ही आपल्या डोक्यात बसलेली समजूत त्यांच्या एका निबंधाने खोटी ठरते.

वकिलांचा जन्म १९११ चा, मुंबईतल्या पारशी घरातला. वैद्यकीय शिक्षण लंडनमध्ये झालं, मग ते मुंबईला परतले आणि केईएम रुग्णालयात काम करू लागले. सर्पगंधा त्यांनी शोधली असं कुणी म्हणत असेल तर ते खरं नाही. १९३१ मध्ये दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी या मुळातून अल्कलॉइड वेगळे केले होते आणि त्यांतल्या एकाला हकीम अजमल खान यांच्या नावावरून ‘अजमलीन’ म्हटलं होतं. त्याच वर्षी कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ही वनस्पती वेडावर आणि रक्तदाबावर उपयोगी पडते, असं लिहून ठेवलं. १९३३ मध्ये रामनाथ चोप्रा यांनी प्राण्यांवर तिचा परिणाम तपासला. १९३४ पासून हिमालया कंपनीची सर्पगंधेची गोळी बाजारातही होती.

वकिलांनी यात भर घातली ती मोजण्याची. रुग्ण निवडले, औषधाआधीचा दाब लिहून ठेवला, औषध सुरू केल्यावर आठवड्यामागून आठवडे मोजत राहिले, किती उतरला, औषध थांबवल्यावर पुन्हा किती चढला, त्रास काय झाला, हे आकड्यांत मांडलं आणि जगातले हृदयतज्ज्ञ जे मासिक वाचतात तिथे पाठवलं. ‘गुण येतो’ हे वैद्याचं वाक्य होतं. ‘इतक्या जणांचा, इतक्या दिवसांत, इतका उतरला’ हे संशोधकाचं. मला वकिलांचं मोठेपण या दुसऱ्या वाक्यात दिसतं.

बॉस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी तो निबंध वाचला, सर्पगंधा मागवली आणि आपल्या रुग्णांना देऊन पाहिली. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी मुळातला मुख्य घटक वेगळा केला. त्याचं नाव रेझरपिन. लवकरच न्यूयॉर्कजवळच्या मनोरुग्णालयात नेथन क्लाइन ते मानसिक रुग्णांना देऊ लागले. १९५७ चा लास्कर पुरस्कार ज्यांना मिळाला, त्यांत क्लाइन होते आणि मुंबईचे वकीलही. नोबेलच्या खालोखाल मानल्या जाणाऱ्या या पुरस्कारावर नाव कोरलेले ते पहिले भारतीय.

गोष्ट इथेही थांबत नाही. रेझरपिन मज्जातंतूंच्या टोकाशी साठवलेली रसायनं रिकामी करतं, म्हणून दाब उतरतो. स्वीडनच्या अर्विद कार्लसन यांनी सशांना रेझरपिन दिलं तेव्हा ते निपचित पडले. मग एल-डोपा दिल्यावर ते उठून हालचाल करू लागले. मेंदूत डोपामिन स्वतंत्रपणे काम करतं, हे त्यातून उलगडलं. पार्किन्सनच्या आजच्या उपचाराची सुरुवात तिथली आणि कार्लसन यांचं २००० सालचं नोबेलही त्या वाटेवरचं.

तरी हृदयविकाराच्या दृष्टीने सर्वांत मोठं पान १९६७ चं आहे. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत एडवर्ड फ्रीस यांनी १४३ पुरुष निवडले. त्यांचा खालचा दाब ११५ ते १२९ होता. ७३ जणांना खरी औषधं दिली आणि ७० जणांना दिसायला तशाच, पण औषध नसलेल्या गोळ्या. कोणाला काय मिळतंय हे रुग्णालाही ठाऊक नव्हतं आणि डॉक्टरलाही. दीड-दोन वर्षांत बिनऔषधाच्या गटात २७ जणांना गंभीर इजा झाली, कुणी दगावलं, कुणाला झटका आला, कुणाची मूत्रपिंडं गेली. औषध घेणाऱ्यांत असे फक्त २. रक्तदाब उतरवला तर माणूस वाचतो, हे इतक्या स्वच्छपणे प्रथमच सिद्ध झालं. त्या खऱ्या औषधांत तीन घटक होते: लघवी वाढवणारं थायझाइड, हायड्रॅलझिन आणि रेझरपिन. व्हाइट यांच्या शंकेला मिळालेल्या उत्तरात सर्पगंधेचा वाटा होता.

वकिलांच्या कामातली उणीवही सांगायला हवी. त्यांच्या पन्नास रुग्णांच्या शेजारी बिनऔषधाचा दुसरा गट नव्हता. रक्तदाब डॉक्टरच्या नुसत्या सहवासाने, दुसऱ्या-तिसऱ्या भेटीला आपोआपही थोडा उतरतो. त्यामुळे उतारातला किती वाटा मुळाचा आणि किती धीराचा, हे त्या निबंधातून वेगळं काढता येत नाही. ती फट फ्रीस यांनी भरली. पुढे रेझरपिन मागे पडलं. जास्त मात्रेत नैराश्य येतं असं दिसलं, नवी सुटसुटीत औषधं आली. सर्पगंधा तर रानातून इतकी उपटली गेली की आज तिचा आंतरराष्ट्रीय व्यापार निर्बंधाखाली आहे. कुणी ‘मूळ उगाळून घ्या, बीपी जाईल’ असं सांगत असेल तर ऐकू नका. मात्रा न कळणारं औषध म्हणजे अंधारात मारलेली उडी आहे.

कोल्हापुरात एमबीबीएस करणाऱ्या मुलांना वकील हे नाव लास्करमुळे माहीत असेल असं वाटत नाही. त्यांच्या काही पिढ्यांना ते आणि अस्पी गोलवाला यांचं ‘फिजिकल डायग्नोसिस’ हे पुस्तक मात्र पाठ असे. रुग्णाची नाडी कशी धरावी, छाती कशी ठोकावी, स्टेथोस्कोप कुठे ठेवावा, हे शिकवणारं ते पुस्तक. संशोधकाच्या आणि शिक्षकाच्या कामात त्यांनी फरक केला नाही, याचा हा पुरावा.

त्याच केईएममध्ये के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये एक वेगळा प्रयोग छापला. उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकवलं आणि त्यांचा दाब मोजत राहिले. सुमारे निम्म्या रुग्णांत लक्षणीय फरक दिसला, काहींचं औषध कमी करता आलं. योगाबद्दल आपल्याकडे बोललं फार जातं आणि मोजलं कमी जातं, म्हणून मला हा निबंध महत्त्वाचा वाटतो. त्यातही तुलनेचा गट नव्हता. इंग्लंडमधल्या डॉ. चंद्रा पटेल यांनी हाच धागा उचलला आणि १९७५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ३४ रुग्णांची चिठ्ठ्या टाकून केलेली तुलना मांडली. शिथिलीकरण शिकलेल्यांचा दाब जास्त उतरला. प्रयोग छोटा होता, पण पद्धतीचा होता.

आता दुसरा प्रश्न. आपल्या माणसाला अटॅक लवकर का येतो? चाळिशीतला, पंचेचाळिशीतला शेजारी गेला की ‘अहो, कालच तर भेटले होते’ म्हणतात. ते अकाली जाणं खरंच इतरांपेक्षा जास्त आहे का, याचं मोजमाप नागपूरने केलं. केरळात जन्मलेले, कॅनडात काम करणारे सलीम युसुफ यांनी उभारलेला ‘इंटरहार्ट’ अभ्यास २००४ मध्ये छापून आला. ५२ देश, पहिल्यांदाच अटॅक आलेले सुमारे १५ हजार रुग्ण आणि जवळपास तितकीच धडधाकट माणसं. तंबाखू, चरबीचं बिघडलेलं प्रमाण, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, भाज्या-फळांची कमतरता, व्यायामाचा अभाव आणि दारू पिणं-न पिणं, अशा नऊ गोष्टींत पुरुषांमधल्या ९० आणि स्त्रियांमधल्या ९४ टक्के धोक्याचा हिशेब लागला. २००७ मध्ये त्यातल्या दक्षिण आशियाई माणसांचा वेगळा हिशेब ‘जामा’ या मासिकात आला. पहिले लेखक होते नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. प्रशांत जोशी. आपल्याकडे पहिल्या अटॅकचं सरासरी वय ५३, इतर देशांत ५८.८. आणि कारण? रक्तात काही गूढ नाही. तेच धोके आपल्या माणसाच्या अंगाला कमी वयात चिकटलेले असतात. ते बाजूला काढले तर वयातला फरक बराचसा मिटतो.

हा निष्कर्ष मला दिलासा देणारा वाटतो. ‘आमच्या घराण्यातच आहे’ म्हणून हात टेकण्याचं कारण उरत नाही.

त्यातलं एक कलम कोल्हापूरच्या अगदी जवळचं आहे. इंटरहार्टच्याच २००६ च्या निबंधात विडी ओढणाऱ्याचा धोका २.८९ पट आणि तंबाखू खाणाऱ्याचा २.२३ पट आढळला. कागलच्या पुढे निपाणी, तिथली तंबाखू, घराघरांत विड्या वळणाऱ्या बायका, कट्ट्यावर हातावर मळून दाढेत धरलेला बार, सकाळी दात घासताना लावलेली मिश्री. ‘मी ओढत नाही, नुसती खातो’ हे वाक्य इथला प्रत्येक डॉक्टर ऐकतो. हृदयाला हा भेद कळत नाही. आपल्या शिवारात पिकणाऱ्या वस्तूबद्दल हे लिहिताना जीव खालीवर होतो, कारण त्यावर पोट भरणारी माणसंही आपलीच आहेत. पण आकडा तोच राहतो.

तिसरा धागा पुण्यातून निघतो आणि माझ्या मते मराठी मुलुखातलं हे सर्वांत दूरवर पाहणारं काम आहे. केईएम रुग्णालय, पुणे इथले डॉ. चित्तरंजन याज्ञिक मूळचे मधुमेहाचे. १९९३ मध्ये त्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या, त्या वेळी गरोदर नसलेल्या बायकांची नोंद करायला सुरुवात केली. त्या काय खातात, किती काम करतात, गरोदरपणात रक्तात काय असतं आणि मूल जन्मलं की त्याचं वजन, लांबी, कातडीखालची चरबी. इंग्लंडच्या डेव्हिड बार्कर यांनी मांडलं होतं की हृदयविकाराची बीजं गर्भात पडतात, कमी वजनाचं बाळ पुढे जास्त धोक्यात असतं. भारतात तर कमी वजनाची बाळंच बाळं. मग आपलं काय?

सहा गावांतल्या आया सरासरी ४२ किलोच्या आणि बाळं सुमारे पावणेतीन किलोची. साउदॅम्प्टनची बाळं साडेतीनची. आपलं बाळ स्नायूंनी बारीक, पोटाकडच्या अवयवांनी बारीक, पण पाठीच्या कातडीखाली चरबी जवळजवळ गोऱ्या बाळाइतकीच. बारीक दिसणारं आणि आतून चरबी धरलेलं बाळ. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ने याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी उभा असलेला फोटो छापला. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक नेमका सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. ‘मी कुठं जाड आहे?’ असं म्हणणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाने हा फोटो पाहावा.

याच अभ्यासात आघारकर संशोधन संस्थेच्या शोभा राव यांनी २००१ मध्ये दाखवलं की ज्या आयांच्या खाण्यात दूध, हिरव्या पालेभाज्या, फळं होती, त्यांची बाळं मोठी होती. नुसत्या जास्त उष्मांकाने तो फरक पडत नव्हता. दुधाच्या जिल्ह्यात हे वाचताना एक प्रश्न पडतो. धारेचं दूध तालमीतल्या पैलवानाला, संस्थेला घालायचं दूध संस्थेला, आणि दिवस गेलेल्या सुनेच्या पेल्यात किती? याज्ञिकांच्या पुढच्या निबंधांत बी-१२ जीवनसत्त्वाची मोठी कमतरता दिसली. ज्या आयांच्या रक्तात फोलेट जास्त आणि बी-१२ कमी, त्यांची मुलं सहाव्या वर्षी इन्सुलिनला कमी दाद देत होती. सरकारी योजनेतून फॉलिक ॲसिडची गोळी मिळते, बी-१२ शाकाहारी ताटात फार कमी असतं, म्हणून हा शोध थेट धोरणाशी भिडतो. २०१२ पासून त्याच गावांतल्या वाढलेल्या मुलामुलींना लग्नाआधीच बी-१२ देऊन पुढच्या पिढीत काय फरक पडतो, हे तपासणं सुरू झालं. तीस वर्षं त्याच घरांत जात राहायचं आणि ९० टक्क्यांहून जास्त मुलं हातची सुटू द्यायची नाहीत, हे काम प्रयोगशाळेतल्या कुठल्याही यंत्रापेक्षा अवघड आहे.

चौथी गोष्ट अटॅक आल्यानंतरची. बंगळूरच्या डेनिस झेविअर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये देशातल्या ८९ रुग्णालयांतल्या २० हजारांहून जास्त रुग्णांची नोंद मांडली. छातीत कळ आल्यापासून रुग्णालयात पोचेपर्यंत निम्म्या लोकांना सहा तासांहून जास्त लागले होते. आत गेल्यावर गुठळी विरघळवणारं औषध सुरू व्हायला साधारण ५० मिनिटं. म्हणजे वेळ वाया गेला तो बहुतेक घरात आणि रस्त्यात. महिन्याभरात दगावणाऱ्यांत गरीब ८.२ टक्के, श्रीमंत ५.५. ‘पित्त वाढलंय, लिंबूसोडा घ्या’, ‘रात्री कुठं जायचं, सकाळी बघू’, मग गावातला डॉक्टर, मग गाडी शोधणं. गगनबावड्याहून पावसाळ्यात कोल्हापूर गाठायचं, चंदगडचा माणूस जवळ म्हणून बेळगावला न्यायचा. गावातच ईसीजी निघाला आणि डॉक्टरने फोनवर तज्ज्ञाला दाखवून औषध दिलं, तर या सहा तासांतले किती वाचतील, याचा हिशेब प्रत्येक तालुक्याने करायला हवा.

युसुफ यांच्याच ‘प्युअर’ या अभ्यासाने २०१४ मध्ये १७ देशांतल्या दीड लाखांहून जास्त माणसांचा पाठपुरावा मांडला. धोक्याच्या सवयी श्रीमंत देशांत सर्वांत जास्त होत्या आणि हृदयविकाराने मृत्यू गरीब देशांत सर्वांत जास्त. श्रीमंतांचा दाब मोजला जातो, गोळी चालू राहते, अटॅक आला तर वेळेत उपचार होतो. आपल्याकडचा माणूस कमी धोका घेऊन जगतो आणि जास्त मरतो. मी वाचलेल्या सगळ्या आकडेवारीत मला याइतकं अस्वस्थ करणारं दुसरं काही नाही.

उत्तराचा एक तुकडा आपल्या शेजारीच आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये देशातल्या पाच राज्यांत उच्च रक्तदाब नियंत्रणाचा सरकारी उपक्रम सुरू झाला. महाराष्ट्रात त्यासाठी भंडारा, वर्धा, सातारा आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे निवडले गेले. म्हणजे कोल्हापूरच्या वरच्या बाजूचा एक जिल्हा आणि घाटाखालचाही. पद्धत अगदी साधी ठेवली. ठरावीक औषधं, ठरावीक पायऱ्या: आधी अम्लोडिपिन, दाब उतरला नाही तर पुढची गोळी, मग त्यापुढची. महिन्याच्या गोळ्या एकदम द्यायच्या, प्रत्येकाची नोंद ठेवायची, आला नाही तर फोन करायचा, आशाताईने घरी जायचं. २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पुरस्काराने या कामाची दखल घेतली. २०२३ मध्ये छापून आलेल्या देशव्यापी पाहणीत ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आढळला. त्यातल्या बहुतेकांना नवं औषध नको आहे. जुनंच रोज मिळायला हवं आणि पुढच्या महिन्यात त्यांना कुणीतरी विचारायला हवं.

‘एकदा गोळी लागली की आयुष्यभर’ ही भीती मात्र अजून घट्ट आहे. चक्कर येत नाही, डोकं दुखत नाही, मग गोळी कशाला, म्हणून दोन महिन्यांनी पाकीट बंद. वाढलेला दाब दुखत नाही, हीच त्याची अडचण. मोजल्याशिवाय तो कळायचा नाही. या जिल्ह्यात मोजण्याची संस्कृती नाही असं कोण म्हणेल? १९६३ पासून गोकुळ संघ उभा आहे. गावोगावच्या दूध संस्थांत सकाळ-संध्याकाळ प्रत्येक उत्पादकाच्या दुधाचं फॅट तपासलं जातं आणि त्याच्या नावासमोर लिहिलं जातं. डिग्रीत पॉइंटभर फरक पडला तर माणूस जाब विचारतो. त्याच दारात, त्याच रांगेत, महिन्यातून एकदा दंडाला पट्टा बांधला आणि आकडा त्याच नावासमोर लिहिला, तर वकिलांच्या पन्नास रुग्णांपेक्षा कितीतरी मोठी नोंद एका तालुक्यात वर्षभरात तयार होईल. सहा गावांतून याज्ञिकांनी जे उभं केलं ते करवीर किंवा पन्हाळ्यातून उभं राहू शकतं. इथे वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, विद्यापीठ आहे, सहकाराची सवय आहे.

मिठाचा मुद्दा सर्वांत शेवटी, कारण तो आपल्या स्वयंपाकघरात शिरतो. २०२१ मध्ये चीनमधल्या ६०० खेड्यांतला एक मोठा प्रयोग छापून आला. त्यात सुमारे २१ हजार माणसं होती, बहुतेकांना आधी मेंदूचा झटका येऊन गेलेला किंवा वय साठीपुढचं आणि दाब चढलेला. निम्म्या गावांना नेहमीचं मीठ, निम्म्यांना एक चतुर्थांश पोटॅशियम क्लोराइड मिसळलेलं. दुसऱ्या गटात मेंदूच्या झटक्यांचं प्रमाण १४ टक्क्यांनी घटलं. त्या खेड्यांप्रमाणेच आपल्याकडेही मीठ पाकिटातल्या खाण्यापेक्षा घरच्या बरणीतून जास्त जातं. रश्श्यात, खर्ड्यात, लोणच्यात, पापडात, ताटात वाढलेल्या चिमटीत. म्हणून असा प्रयोग इथे करण्यासारखा आहे. मात्र मूत्रपिंड अधू असलेल्यांना जादा पोटॅशियम घातक ठरतं. उसाच्या फडात भर उन्हात राबणाऱ्यांत आणि जुन्या मधुमेहींत असे किती आहेत, हे बरणी बदलण्याआधी क्रिएटिनिन तपासून गावागावांतून पाहावं लागेल.